सासऱ्यांच्या कपाटात दोन गिनी पिग

पत्र:

नमस्कार ताई,

आम्ही साताऱ्यात शाहूपुरीला राहतो. मुलगा सातवीत आहे. त्याच्या मित्राच्या वडिलांची दिवाळीत बदली झाली आणि त्यांच्याकडचे दोन गिनी पिग आमच्या गळ्यात आले. दोन्ही माद्या आहेत असं ते म्हणाले. सोबत पोपटाला असतो तसा तारेचा पिंजरा आला, तो आम्ही गच्चीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलाय. आता थंडी सुरू झाली. पहाटे बघावं तर दोघी एका कोपऱ्यात एकमेकींना चिकटून बसलेल्या. दुकानदार म्हणतो, मोठा पिंजरा घ्या आणि वर उबेचा बल्ब लावा, सगळे मिळून ६,५०० रुपये. आमच्या ह्यांचं म्हणणं, २,००० च्या वर एक रुपया देणार नाही. सासूबाई म्हणतात, स्वयंपाकघरात ओट्याखाली ठेवा, ऊब राहील. मुलाला त्या स्वतःच्या खोलीत हव्यात. जागेची तर बोंबच आहे. मधल्या खोलीत सासऱ्यांचं ६ फुटी लाकडी पुस्तकांचं कपाट नुसतं रिकामं उभं आहे, पण त्याला हात लावायला कुणी तयार नाही. काय घेऊ, कुठे ठेवू? थंडीनं मरणार तर नाहीत ना?

– एक वाचक, शाहूपुरी

उत्तर:

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे रात्री बॅटरी घेऊन गच्चीवर चकरा मारायचं तुम्ही थांबवाल. नुसत्या गारठ्यानं त्या मरणार नाहीत. गच्चीवर ठेवल्यात तर आजारी मात्र पडतील, आणि गिनी पिग आजारी पडला की फार वेळ देत नाही. गारठा वेगळा आणि आजार वेगळा, हे लक्षात आलं की पैसे कशावर घालायचे आणि कशावर नाही तेही आपोआप कळतं.

हा प्राणी मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीजच्या डोंगराळ मुलखातला. पेरू-बोलिव्हियाकडे हजारो वर्षं लोक तो घरातच पाळत आलेत, तेही बऱ्याचदा स्वयंपाकघरात, चुलीच्या आसपास मोकळा. त्यामुळे सासूबाईंचं म्हणणं अगदीच वावगं नाही. (तिकडे तो खाण्यासाठी पाळतात, एवढं फक्त त्यांच्या कानावर जाऊ देऊ नका.) गार रात्रीची त्याला सवय आहे. १८ ते २४ अंश तापमान सगळ्यात मानवतं, पण त्याच्या थोडं खाली गेलं तरी अंगावरची लव, जोडीदाराची ऊब आणि भरपूर सुकं गवत यांवर तो निभावून नेतो. उलट पारा तिशीकडे सरकला की त्याची तारांबळ उडते, कारण त्याला घाम येत नाही.

आता तुमची शेड बघा. साताऱ्यात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा १०-१२ च्या आसपास येतो. त्यात पत्रा रात्रभर गार पडतो आणि पहाटे त्याच्या आतल्या बाजूला दव धरून थेंब थेंब ठिबकायला लागतं. जनावराची लव ओली झाली की तिची ऊब संपली. यवतेश्वराच्या बाजूनं वारा सुटला तर तारेच्या पिंजऱ्याला आडोसा कसला? तो चारी बाजूंनी आरपार जातो. आणि दुपारी एक वाजता तोच पत्रा असा तापतो की हात ठेववत नाही. म्हणजे पहाटे हुडहुडी आणि दुपारी भट्टी, तेही एकाच दिवसात. घात करतात ते वारा, ओल आणि ही उलथापालथ. यातलं एकही बल्बानं थांबत नाही.

म्हणून बल्ब रद्द. रात्रभर डोळ्यांवर उजेड, खाली सुकं गवत, आणि वायर कुरतडायला दोन जोड्या दात. आग लागायला आणखी काय हवं? रूम हीटर त्यांच्या अंगावर सोडू नका. कोळशाची शेगडी तर बंद खोलीत माणसांनाही ठेवायची नसते.

पिंजराही रद्द. दुकानदारानं दाखवलेला पिंजरा किती लांब-रुंद आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. पण दुकानांत ‘मोठा’ म्हणून जो मिळतो तो मी टेपनं मोजून पाहिलाय. २ फूट बाय दीड फूट, म्हणजे ३ चौरस फूट. दोन गिनी पिगना कमीत कमी साडेसात चौरस फूट जमीन लागते, १० मिळाली तर उत्तम. आणि लागते ती जमीनच. हा प्राणी ना वर चढतो, ना उंच उड्या मारतो, तो जमिनीवर पळतो. दुमजली, तिमजली, शिडीवाला पिंजरा बघून आपण हुरळतो, त्याला मात्र त्या उंचीचा काडीचा उपयोग नाही. थंडीत तर पळणं हीच त्याची शेकोटी. जागा नसेल तर तो कोपऱ्यात बसून राहतो आणि बसूनच गारठतो.

तारेच्या तळाबद्दल माझा अनुभव सांगते. पहिली जोडी आणली तेव्हा मीही हौसेनं तारेचा, खाली ट्रे असलेला पिंजरा घेतला होता. लेंड्या खाली पडतात, स्वच्छ राहतं, असं दुकानात सांगितलं आणि मला ते पटलं. दोन महिन्यांनी एकीला उचलून पोटाशी धरलं तर तिनं मागचा पाय झटकन आखडून घेतला. उलटून पाहिलं तर तळव्याला लालभडक घट्टा, मध्ये सोललेला. गिनी पिगच्या तळव्यावर कुत्र्या-मांजरासारखी जाड गादी नसते, तार थेट रुतते, आणि त्यात लघवी मुरली की जखम आत आत जाते. बरी व्हायला सहा आठवडे गेले, आणि डॉक्टरचं बिल पिंजऱ्यापेक्षा जास्त झालं. आज संध्याकाळीच दोघींच्या चारही पायांचे तळवे पाहून घ्या. लाली दिसली तर पिंजऱ्यात जुना टॉवेल आत्ताच अंथरा, बाकीचं वाचणं नंतर.

तर मग ठेवायच्या कशात? ताई, तुमच्या पत्रातच ते उभं आहे, फक्त त्याला आडवं करायचंय.

सासऱ्यांचं कपाट.

६ फुटी पुस्तकांचं कपाट साधारण ३ फूट रुंद आणि सव्वा फूट खोल असतं. फळ्या आणि दारं काढून ते पाठीवर झोपवलं की १८ चौरस फुटांचं, सव्वा फुटी भिंतींचं, चारी बाजूंनी वारा अडवणारं लाकडी घर तयार. एवढं मोठं घर बाजारात पैसे मोजूनही सहज मिळायचं नाही. लाकूड थंडीत पत्र्यासारखं गार पडत नाही आणि उन्हाळ्यात तापत नाही. (लोखंडी कपाट असतं तर मी हे सुचवलं नसतं.) घरच्यांना पटवायचं काम तुमचं. सासरे आहेत की नाहीत ते तुम्ही लिहिलं नाहीत. असतील तर त्यांनाच देखरेखीला बसवा. रिकाम्या कपाटाला हात लावू न देणारी माणसं त्याच कपाटात कुणी राहायला आलं की सगळ्यांत आधी खुर्ची टाकून बसतात, हे मी दोन घरांत पाहिलंय.

मात्र आडवं करण्याआधी दोन गोष्टी बघा. एक म्हणजे वाळवी. कोपऱ्यांत, तळाशी टिचक्या मारून बघा, पोकळ आवाज आला किंवा भुसा पडला तर नाद सोडा. वाळवीचं औषध मारून तर मुळीच वापरू नका. दुसरी म्हणजे डांबरगोळ्या. पुस्तकांच्या कपाटात त्या असणारच, आणि त्यांचा वास लाकडात वर्षानुवर्षं मुरतो. तो वास या जनावरांना घातक आहे. गोळ्या शोधून काढा, कपाट ओल्या फडक्यानं दोनदा पुसा आणि चार-पाच दिवस अंगणात उन्हात उघडं ठेवा. मग आत डोकं घालून श्वास घ्या. पुसटसा जरी वास आला तरी आणखी ऊन द्या. घाई करू नका, तोवर त्यांना तात्पुरतं घरात घ्या. मुलाच्या खोलीत जमिनीवर ताडपत्री, वर जुनी चादर, बाजूनं पुठ्ठ्याची खोकी उभी केली की आठवडाभर छान निघतो. मुलाचीही हौस होईल.

कपाटाची पाठ पातळ प्लायची असते. ती आता जमीन होणार, म्हणून खाली पोकळी ठेवू नका. शहाबादी किंवा मोझॅक फरशी पहाटे बर्फासारखी लागते, तिच्यावर थर्माकोलचे तक्ते किंवा सासूबाईंची एखादी विरलेली गोधडी दुहेरी घालून अंथरा आणि त्यावर कपाट बसवा. गोधडी खालीच ठेवायची, आत नाही. तिचे टाके सुटले की धागा त्यांच्या बोटाला गुंडाळतो आणि बोट काळं पडेपर्यंत आपल्याला पत्ता लागत नाही. गोणपाटाचंही तेच, शिवाय त्याला खताचा नाहीतर औषधाचा वास.

आतून पाणी मुरू नये म्हणून सनपॅक लावा. फ्लेक्स छापणाऱ्यांकडे मिळणारा तो नालीदार प्लास्टिकचा तक्ता. निवडणुकीत खांबाखांबावर उमेदवार लटकलेले असतात ना, तोच. पूर्ण तक्ता ८ बाय ४ फुटांचा येतो. तुम्हाला ६ बाय ३ चा तळ आणि चारी बाजूंनी अर्धा फूट उभी कड हवी, म्हणजे ७ बाय ४. एका तक्त्यात बरोबर बसतं, वर एक फुटाची पट्टी उरते. आधी कपाट आतून मोजा, इंच-दोन इंच इकडेतिकडे निघतंच. मग कडेपासून अर्ध्या फुटावर रेघ मारा आणि कटरनं फक्त वरचा एक पापुद्रा कापा, आरपार नाही. कापलेली बाजू खाली करा आणि कडा वर दुमडा. चीर बाहेरच्या बाजूला उघडते, आतला पृष्ठभाग अखंड राहतो, त्यामुळे लघवी फटीत शिरत नाही. कोपऱ्याला चौकोनाची एकच बाजू कापायची, तुकडा मागे दुमडायचा आणि चिकटपट्टी बाहेरून मारायची. आतून मारलीत तर सकाळपर्यंत कुरतडलेली असेल. सनपॅक नसेल मिळत तर जाड मेनकापड चालेल, पण त्याच्या कडा लाकडी पट्टीखाली दाबा.

झाकण हवंच. पुस्तकांत लिहितात की कुत्रं-मांजर नसेल तर वर उघडं चालतं. साताऱ्यात मांजर तुमचं नसलं तरी शेजारचं असतं, आणि घुशी कुणाला विचारून येत नाहीत. कपाटाला काचेची दारं असतील तर काच काढून त्याच चौकटींवर हार्डवेअरच्या दुकानातली १ इंची वेल्डमेश खिळ्यांनी ठोका आणि दारं होती त्याच बिजागऱ्यांवर परत बसवा. आता ती वरून उघडणारी झाकणं झाली. जाळीची कापलेली टोकं कानशीनं घासा, नाहीतर मुलाचा हात फाडतील.

हे सदर वाचणाऱ्या ज्यांच्या घरी कपाट नाही त्यांच्यासाठी एवढंच: ३ फूट रुंदीची वेल्डमेश साडेसहा फूट घ्या, मधोमध उभी कापा, दीड फूट उंचीची १३ फूट जाळी होते. अडीच बाय चार फुटांच्या चौकोनाला ती चारी बाजूंनी पुरते, म्हणजे १० चौरस फूट. तळाला वर सांगितला तसाच सनपॅकचा ट्रे, सांध्यांना केबल टाय, आणि वाऱ्याच्या बाजूला उरलेला सनपॅक उभा. चिकनजाळी नको, ती पातळ असते आणि वाकते.

जागेचं बघू. मधली खोलीच. जुन्या घरांत माजघर मध्ये का असायचं, ते अशा वेळी कळतं. बाहेरची भिंत नाही, थेट खिडकी नाही, म्हणून हिवाळ्यात उबदार आणि उन्हाळ्यात गार. मी दोन हिवाळे आमच्या मधल्या खोलीत जमिनीलगत तापमापक ठेवून पाहिलाय. बाहेर सगळे कानटोप्या घालून फिरत असतानाही तो १७ च्या खाली क्वचितच गेला. तसला साधा डिजिटल तापमापक दोन-अडीचशे रुपयांत मिळतो. घ्या, पण भिंतीवर टांगू नका, त्यांच्या उंचीला ठेवा. आपण खुर्चीत बसून ‘बरं आहे की’ म्हणतो तेव्हा जमिनीवर दोन अंश कमी असतात.

कपाट ठेवायच्या कोपऱ्यात वारा येतो का, हे बघायची एक युक्ती आहे. दोघी अजून दुसऱ्या खोलीत असताना, रात्री दारं-खिडक्या नेहमीसारखी लावून त्या कोपऱ्यात जमिनीवर एक उदबत्ती लावा आणि पंखा बंद करून बसा. धूर सरळ वर गेला तर जागा पक्की. वाकडा झाला तर कुठून वाकतो ते बघा. बहुतेक दाराच्या खालची फट निघते, तिथे जुन्या साडीची वळकटी लावली की काम झालं. उदबत्ती विझवून खोली मोकळी केल्यावरच त्यांना आणा. एकदा त्या तिथे राहायला लागल्या की उदबत्ती, धूप आणि मच्छर अगरबत्ती त्या खोलीत बंद. त्यांची फुप्फुसं फार नाजूक असतात. ओट्याखालच्या जागेला माझा नकार त्यासाठीच. फोडणीचा खकाणा, कुकरची वाफ, आणि दर पाच मिनिटांनी डोक्यावर आदळणारी भांडी. मुलाच्या खोलीला नकार नाही, पण या बाया पहाटे चारला ‘व्हीक व्हीक’ करून नाश्ता मागतात आणि त्याची शाळा सकाळची असेल.

अंथरुणात पैसे वाचवू नका. सगळ्यात खाली दोन जुने टॉवेल, त्यावर फ्लीसचं ब्लँकेट. थंडीत रस्त्याकडेला ढिगानं विकायला असतं ते मऊ, लोकरीसारखं दिसणारं. फ्लीसची गंमत अशी की ओल त्याच्यातून खाली उतरते आणि वरचा भाग कोरडा राहतो, पण नवं ब्लँकेट तसं करत नाही. ते कपडे मऊ करायचं औषध न घालता दोन-तीनदा धुवा. मग वर चमचाभर पाणी ओता. पाणी मोत्यासारखं वरच थांबलं तर परत धुवा, झिरपलं तर घाला. दोन जोड घ्या. लेंड्या रोज छोट्या झाडणीनं गोळा करा (तुळशीला, गुलाबाला उत्तम खत), अंथरूण तिसऱ्या-चौथ्या दिवशी बदला. वॉशिंग मशीनमध्ये घालण्यावरून घरात महाभारत होणार हे मला माहीत आहे, म्हणून बादलीत धुवा. हिवाळ्यातल्या उन्हात दुपारपर्यंत वाळतं.

वखारीतला लाकडाचा भुसा फुकट मिळतो म्हणून आणू नका. मी आणला होता. आठवड्याभरात दोघी शिंकायला लागल्या. त्याची बारीक धूळ नाकात जाते आणि कुठलं लाकूड कापलंय ते कुणालाच सांगता येत नाही. भाताचं तूसही टोचतं. अगदीच काही नसेल तर वर्तमानपत्राच्या पट्ट्या, पण त्या रोज बदलाव्या लागतात. अंथरूण बदलायची वेळ झाली का, ते वर उभं राहून कळत नाही. वाका आणि नाक त्यांच्या नाकाजवळ न्या. डोळ्यांना झोंबलं तर त्या रात्रभर तेच हुंगत होत्या. थंडी बाधली म्हणून जी जनावरं डॉक्टरकडे येतात, त्यांतली बरीच या लघवीच्या झोंबऱ्या वासानं आधीच कमजोर झालेली असतात. थंडी म्हणून आपण सगळं गच्च बंद करतो आणि नेमकं तेच वाढवतो. वारा नको, पण हवा हवी. दुपारी तासभर खोली उघडा.

आत लपायला दोन जागा करा, प्रत्येकीची वेगळी, नाहीतर भांडतील. द्राक्षाची पुठ्ठ्याची खोकी आहेतच आपल्याकडे, तासगावकडून कुणी आलं की घरात पडलेलीच असतात. पिना आणि चिकटपट्टी काढा, समोरासमोर दोन दारं कापा. एकच दार ठेवलंत तर एक आत शिरते आणि दुसरीला कोंडून मारते. आत मूठमूठ सुकं गवत कोंबा. त्यात त्या स्वतःच खड्डा करून बसतात, आणि ही ऊब कुठल्याही बल्बापेक्षा चांगली. खोकं महिन्याभरात खाऊन संपतं, दुसरं ठेवा. ऐन थंडीत, किंवा एखादी म्हातारी, आजारी असेल तर, रात्री स्टीलच्या बाटलीत कोमट पाणी भरून ती जाड लोकरी मोज्यात घालून एका खोक्यात ठेवा. हात लावून सुखद वाटेल इतकीच गरम, आणि नको असेल तर तिला लांब सरकता आलं पाहिजे. रबरी पिशवी नको, दातांना टिकत नाही.

सुकं गवत हे अंथरूण नाही, जेवण आहे, तेही जेवणाचा सगळ्यात मोठा वाटा. दात जन्मभर वाढत राहतात आणि गवत चावूनच झिजतात. गवळ्याकडून पवन्या किंवा मारवेलची पेंढी घ्या. ती मोडून हुंगा, पावसात भिजून बुरसलेली पेंढी लगेच कळते. गाजरगवत मिसळलेलं असेल तर निवडून टाका. उसाच्या बांधावरचं हिरवं गवत कापून आणायचा मोह होईल, पण तणनाशक मारलंय की नाही हे शेतकऱ्याला विचारल्याशिवाय आणू नका. आणि यांना माणसासारखंच क जीवनसत्त्व बाहेरून लागतं, शरीरात तयार होत नाही. ते कमी पडलं की सांधे दुखतात, हालचाल मंदावते, आणि आपण म्हणतो थंडीनं आखडली. रोज ढोबळी मिरचीची एक फाक आणि थोडी कोथिंबीर दिली की भागतं. हिवाळ्यात पेरूही स्वस्त, त्याची एखादी फोड कधीमधी.

हिशेब बघू. सनपॅक, जाळी, फ्लीसचे दोन जोड, तापमापक. भाव दुकानागणिक बदलतात, पण २,००० मध्ये बसायला हरकत नाही. दोन-तीनशे उरले तर ह्यांना परत देऊ नका. त्यांतून किराणा तोलायचा छोटा वजनकाटा आणा आणि दर रविवारी दोघींना ताटलीत बसवून वजन लिहा. मोठी मादी ७०० ग्रॅम ते किलोभर भरते. त्यातले ५०-६० ग्रॅम आठवड्यात उतरले तर काहीतरी बिघडलंय, बाहेरून कितीही ठणठणीत दिसली तरी. हे प्राणी आजार लपवण्यात पटाईत असतात.

आता डॉक्टर. नाका-डोळ्यांतून पाणी, श्वास घेताना खरखर, अंगावरची लव पिंजारून बसणं, किंवा अर्धा दिवस तोंडात काही न घालणं, यातलं एकही दिसलं तर उद्यावर ढकलू नका. आपल्याकडच्या बहुतेक पशुवैद्यांचा हात गाई-म्हशींवर आणि कुत्र्यांवर बसलेला असतो, म्हणून जाताना एक गोष्ट तुम्हीच सांगा: गिनी पिगला अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन यांसारखी पेनिसिलिनच्या गटातली औषधं तोंडावाटे देऊ नयेत. आतड्यातले उपयोगी जिवाणू त्यानं मरतात आणि जनावर दगावू शकतं. घरात पडलेल्या माणसांच्या गोळ्या तर मुळीच नाहीत. पुणे रस्त्याला शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, अडलंच तर तिथे विचारा.

आणि ‘दोन्ही माद्या आहेत असं ते म्हणाले’ यावर विसंबू नका. मी असल्या तीन ‘बहिणी’ पाहिल्यात, त्यांतली एक भाऊ निघाली आणि दोन महिन्यांनी टोपलीत पाच जण. डॉक्टरकडून एकदा खात्री करून घ्या. त्यांतला एक नर निघालाच तर मधे जाळीची भिंत घालून कपाटाचे दोन भाग करा, एकमेकांना दिसतील, हुंगतील असे. कुणालाही एकटं दुसरीकडे देऊन टाकू नका. एकटा गिनी पिग खंगतो. स्वित्झर्लंडमध्ये तर २००८ पासून एकटा गिनी पिग पाळायला कायद्यानंच बंदी आहे. तुमच्या दोघी पहाटे चिकटून बसतात ना, त्यात थंडी जितकी आहे तितकीच सोबतही.

कपाटात सोडाल त्या दिवशी जुन्या अंथरुणातला एक वापरलेला तुकडा आणि त्यांची ओळखीची वाटी आत ठेवा. पहिल्या रात्री त्या खोक्यातून बाहेर येणार नाहीत, मुलगा रडकुंडीला येईल, सासूबाई म्हणतील, बघ, मी सांगत होते. कुणीही झाकण उघडून डोकावायचं नाही. गवत भरा, दिवा घालवा आणि झोपा. सकाळी गवताचा ढीग खाली बसलेला दिसला तर त्या रात्रभर जेवत होत्या, आणि नाही दिसला तर मला लगेच लिहा. वजनासकट.